लो बीमवर रस्ता दिसत नाही म्हणून अप्परवर गाडी चालवता? आधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा: गाडी आठ वर्षं जुनी, हॅलोजन बल्बची. रात्री लो बीमवर रस्ता पुरेसा दिसत नाही, म्हणून बहुतेक वेळ हाय बीमच चालू असतो आणि समोरून येणारे डिपर मारत राहतात. हेडलाइट खरंच मंद झालेत का, जास्त वॅटचे किंवा एलईडी बल्ब टाकावेत का, आणि डिपर नेमका कधी द्यायचा, म्हणजे हाय बीमवरून लो बीमवर कधी यायचं?

गाड्यांच्या वायरिंगचं काम करता करता माझं एक मत पक्कं झालंय. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जो डिपर देत नाही त्याला आपण उर्मट म्हणून मोकळे होतो. पण माझ्याकडे गाडी घेऊन येणाऱ्यांत असे कितीतरी असतात ज्यांना डिपर द्यायची भीती वाटते. लीव्हर खाली केला की समोर काळोख होतो, म्हणून ते हाय बीम सोडत नाहीत. ज्याचा लो बीम धड आहे त्याला डिपर द्यायला शिकवावं लागत नाही. म्हणून आधी लो बीम नीट करू, मग डिपरकडे वळू.

पहिली तपासणी गाडीची नाही, डोळ्यांची. दुसऱ्या कोणाची चांगल्या दिव्यांची गाडी त्याच रस्त्यावर चालवून बघा. तिथेही रस्ता अंधुकच वाटला, समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसली किंवा दिवा पसरल्यासारखा वाटला, तर आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात अशीच रात्रीच्या ड्रायव्हिंगमध्ये जाणवते. वय वाढलं की बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि डोळ्याच्या आत प्रकाश जास्त विखुरतो. बल्ब बदलून हे सुटणार नाही.

डोळे ठीक असतील तर डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटं चाक असतं, त्याच्यावर ० पासून ३ पर्यंत आकडे असतात. ते बघा. हेडलाइटचा झोत खाली-वर करायचं ते चाक आहे. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर जातं, तेव्हा झोत खाली आणण्यासाठी मोठा आकडा लावायचा; एकटे असाल तर ०. गाडी धुताना किंवा पुसताना हे चाक फिरतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नवे बल्ब टाकायला आलेल्या गाडीत ते ३ वर सापडणं माझ्यासाठी नेहमीचंच आहे. चाक ० वर आणलं की गिऱ्हाईक नुसतं बघत राहतं.

मग हेडलाइटची बाहेरची काच. काच म्हणायची सवय आहे, पण ती पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यावरचा संरक्षक थर जातो आणि ती पिवळी, धुरकट होते. यात दुहेरी नुकसान आहे. पुढे जाणारा प्रकाश कमी होतो, आणि जो जातो तो विस्कटून जातो, त्यामुळे लो बीमवर असूनही समोरच्याच्या डोळ्यांत तुमचा प्रकाश घुसतो. धुरकटपणा बाहेरचा की आतला हे ओळखायची सोपी युक्ती आहे. दिवसा काचेवर पाणी ओता. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि सुकल्यावर परत धुरकट झाली, तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून जाईल. ओली असतानाही धुरकटच राहिली तर खराबी आतून आहे, तिथे हात पोचत नाही.

घासायचं म्हणजे पाण्याचा पॉलिश पेपर: आधी ८०० किंवा १०००, मग २०००, मग ३०००, शेवटी कंपाउंड मारून चमक आणायची. त्याआधी रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावून घ्या. टूथपेस्ट घासूनही चमक येते, पण थोडेच दिवस टिकते. खरं काम शेवटच्या थराचं आहे. घासल्यावर अतिनील किरण अडवणारं कोटिंग मारलं नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते, आणि या वेळी आधीपेक्षा लवकर. ती घासून देणारे पुष्कळ आहेत, कोटिंग करतो का हे विचारूनच गाडी द्या.

काच स्वच्छ असताना आत डोकावून रिफ्लेक्टर बघा. तो आरशासारखा लख्ख हवा. राखाडी, निस्तेज झाला असेल किंवा बल्बच्या वर भाजल्यासारखा डाग असेल, तर तो पुसायला जाऊ नका. त्याच्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ असतो की फडक्याने निघून येतो. अशा वेळी हेडलाइटचं अख्खं युनिट बदलण्याला पर्याय नाही. रिफ्लेक्टर गेलेल्या दिव्यात कितीही महाग बल्ब घातला तरी उजेड वाढत नाही.

आता वायरिंग. इथे जरा सावकाश जातो, कारण जुन्या गाडीत उजेड सर्वांत जास्त इथे गळतो आणि बघितलं सर्वांत कमी इथेच जातं. हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर उजेड १० टक्क्यांनी घटत नाही, साधारण ३० टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आहेत आणि बल्बच्या होल्डरवर १२.६ च पोचतायत, तर तुमचा जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. बल्ब पिवळा पडतो आणि लोक बल्बला दोष देतात.

मोजायचं असं: इंजिन चालू, हेडलाइट चालू, बल्ब जोडलेला. मल्टीमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवर रीडिंग घ्या, मग होल्डरच्या मागून बल्बच्या पिनांवर. बल्ब काढून मोजू नका. करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पूर्णच दिसतं आणि तुम्ही फसता. दोन रीडिंगमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असला तर शोध सुरू करायचा. बॅटरीच्या प्लस टोकापासून बल्बच्या प्लस पिनेपर्यंत किती पडतं आणि बल्बच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती पडतं, हे वेगवेगळं मोजलं की दोष कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. एक सावधगिरी: नव्या गाड्यांत हेडलाइटला कंट्रोल मॉड्यूल तुटक-तुटक पल्समध्ये वीज देतं, तिथे साध्या मीटरचं रीडिंग भलतंच येऊ शकतं. तशा गाडीत हा निष्कर्ष काढू नका.

बहुतेक वेळा दोष अर्थिंगमध्ये निघतो. बॉडीला स्क्रूने घट्ट केलेली एक काळी किंवा तपकिरी वायर, तिच्या लगखाली, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीखाली, गंज. स्क्रू काढा, लग आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा आणि वरून ग्रीस लावा. एच-४ बल्बच्या गाडीत, म्हणजे जिथे एकाच बल्बमध्ये हाय आणि लो अशी दोन फिलामेंट असतात, अर्थ गेल्याची एक खूणही असते: एक दिवा पिवळा, दुसरा बरा, आणि लो बीमवर असतानाही डॅशबोर्डवरचा हाय बीमचा निळा दिवा मिणमिणतो. परतीची सरळ वाट न मिळालेला करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून तसं होतं. अर्थनंतर होल्डर बघा. खेचून बाहेर काढला आणि एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी, ठिसूळ झालेलं दिसलं, तर ती पीन सैल होऊन तापत होती. होल्डर बदला, आणि काळवंडलेली वायर मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापूनच नवा जोडा. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. तिथे रिले (थोड्या करंटवर चालणारा, मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच) टाकून बॅटरीवरून फ्यूजसह जाड वायर थेट नेली, की त्याच बल्बचा उजेड बघून लोकांना वाटतं मी बल्ब बदलला.

दोन्ही दिवे एकसारखे मंद असतील आणि ॲक्सिलरेटर दाबला की उजळत असतील, तर हेडलाइट सोडा आणि अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि बॅटरीची टोकं बघा.

बल्बबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आतल्या काचेवर काळसर छटा दिसली किंवा फिलामेंट वाकलेलं दिसलं तर बदला, आणि बदलताना जोडीने बदला. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे बसतं, काच त्या जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. निळसर छटेचे बल्ब पांढरे दिसतात खरे, पण तो निळा लेप प्रकाशाचा काही भाग गाळून टाकतो. दिसायला शुभ्र, रस्त्यावर कमी.

जास्त वॅटचा बल्ब टाकू नका. एच-४ चा हाय ६० वॅटचा आणि लो ५५ वॅटचा असतो, म्हणजे साधारण ५ अँपिअर करंट. १०० वॅटचा टाकला की तो ८ च्या वर जातो. त्याच बारीक वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं, त्यामुळे अपेक्षेइतका उजेड मिळत नाही, आणि होल्डर व रिफ्लेक्टर मात्र भाजून निघतात.

आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब. यावर माझं मत कडक आहे, आणि कारण बल्बच्या रचनेतच आहे. एच-४ मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत खाली रस्त्यावर पडतो. झोताची जी स्वच्छ वरची कड दिसते ती या वाटीमुळे. शिवाय ती कड आपल्या कडेच्या बाजूला थोडी वर चढते, म्हणजे पादचारी आणि फलक दिसावेत, आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली राहते. हे सगळं फिलामेंट मिलिमीटरच्या हिशेबाने जागेवर असलं तरच जमतं. एलईडीची चिप चपटी, तिची जागा वेगळी, ती प्रकाश वेगळ्या दिशांना टाकते. परिणामी गाडीच्या नाकासमोर लख्ख पांढरा पट्टा पडतो, मालकाला वाटतं वा, काय उजेड आहे. पण जवळचा रस्ता फार उजळला की डोळा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि लांबचं उलट कमी दिसतं. वर कडही विस्कटलेली, म्हणजे समोरच्याला तुमचा लो बीमही हाय बीमसारखाच लागतो. ज्या गाडीचं युनिटच कारखान्यातून एलईडीसाठी बनवलेलं असतं तिची गोष्ट वेगळी, तिथे लेन्स आणि रिफ्लेक्टर त्या चिपसाठीच आखलेले असतात.

शेवटी ॲलाइनमेंट, आणि ती घरी तपासता येते. सपाट जमीन, समोर भिंत, गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी. टायरमधली हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं, ते आकड्यांचं चाक ० वर. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर आडवी चिकटपट्टी लावा. लो बीमची वरची कड त्या पट्टीच्या साधारण १० सेंटीमीटर खाली पडायला हवी, म्हणजे १ टक्का उतार. हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली वेगळा टक्का छापलेला असेल तर तोच धरा. हा टक्का किती मोठी गोष्ट आहे बघा. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल तर १ टक्का उताराने झोताची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. उतार ३ टक्के झाला की ती २२ मीटरच्या आतच संपते. बल्ब नवा, काच नवी, व्होल्टेज पूर्ण, आणि तरीही माणूस म्हणणार की लाइट मंद आहे. उलट कड पट्टीच्या वर गेली असेल तर तुम्ही कितीही इमानदारीने डिपर द्या, समोरच्याला तो मिळतच नाही. बल्ब बदलताना त्याचे तीन कान खाचेत नीट बसले नाहीत तरी हेच होतं, म्हणून बल्ब बदलल्यावर एकदा भिंत बघाच.

इतकं झाल्यावर लो बीम ५०-६० मीटरपर्यंत कामाचं दाखवतो. त्यापेक्षा जास्त मागू नका, तो तेवढ्यासाठीच आहे. ६० किमीच्या वेगात दचकून ब्रेक दाबेपर्यंत आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत मिळून साधारण ४५ मीटर जातात, ८० ला ७० च्या आसपास, १०० ला जवळजवळ १००. म्हणजे लो बीमवर ८० च्या वेगात तुम्ही जे दिसतं त्याच्या पलीकडे गाडी पळवताय. गडद कपड्यांतला माणूस तर ५० मीटरवरही दिसेल याची खात्री नाही. म्हणून डिपर देणं म्हणजे एकाच वेळी दोन कामं: बोटाने लीव्हर आणि पायाने ॲक्सिलरेटर सोडणं. ज्यांना डिपर दिल्यावर भीती वाटते, त्यांचं बहुतेक वेळा हे दुसरं काम राहून गेलेलं असतं.

मग डिपर कधी? अंधाऱ्या, मोकळ्या रस्त्यावर हाय बीम वापरायलाच हवा, तो त्यासाठीच दिलाय. समोरून गाडी येताना दिसली की काय करायचं, यासाठी बऱ्याच ठिकाणच्या नियमांत १५० मीटरच्या आसपासचं अंतर असतं. पण दोघं ८० ने येत असतील तर सेकंदाला ४४ मीटर अंतर कापलं जातं, आणि १५० मीटर साडेतीन सेकंदांत संपतात. मी २५०-३०० मीटरवर देतो. समोरच्याने आधी द्यावा म्हणून वाट बघत बसू नका. कोणीतरी आधी द्यायचाच असतो, आणि एकाने दिला की बहुतेक वेळा दुसराही देतो. डिपर देण्याआधीच्या त्या क्षणभरात हाय बीममध्ये आपल्या कडेचा पुढचा रस्ता नजरेखालून घाला: सायकलवाला, उभी गाडी, खड्डा. नंतर ते दिसणार नाहीत, पण तुम्हाला माहीत असतील.

समोरची गाडी तुमच्या नाकाला आली की परत हाय बीम. त्याच्या आधी नको.

पुढच्या गाडीच्या मागे चालताना लो बीमच. तुमचा हाय बीम त्याच्या तिन्ही आरशांतून त्याच्या तोंडावर पडतो. ओव्हरटेक करताना त्याच्या बरोबरीला येईपर्यंत लो, आरशांच्या पुढे गेलात की हाय. तुम्हाला कोणी ओव्हरटेक करत असेल तर तो बरोबरीला आला की तुम्ही लो करा.

वळणावर लोक चुकतात. दिवे सरळ जातात आणि रस्ता वळतो. तुम्ही डावीकडून गाडी चालवत असाल तर डाव्या वळणावर तुमचा झोत समोरून येणाऱ्याच्या लेनवरून झाडल्यासारखा फिरतो, उजव्या वळणावर तो बाहेरच्या कडेला जातो. म्हणून डाव्या वळणाच्या पलीकडे उजेडाची चाहूल लागली की गाडी दिसण्याआधीच डिपर द्या. चढाच्या माथ्यावरही तसंच: पलीकडून उजेडाचा पंखा वर आलेला दिसतो, तेव्हाच लो करायचं. माथ्यावर दोन्ही गाड्यांची नाकं वर असतात आणि झोत थेट डोळ्यांत जातात. दुभाजकावर झुडपं असतील तर समोरच्या ट्रकचे दिवे तुम्हाला झाकलेले दिसतील, पण ट्रकचा ड्रायव्हर उंच बसलेला असतो. झुडपांवरून तुमचा हाय बीम त्याला पूर्ण लागतो.

पादचारी आणि सायकलवाला यांच्यासाठीही डिपर आहे. त्यांच्याकडे परत डिपर मारून सांगायला काही नसतं. दिवे असलेल्या रस्त्यावर हाय बीमची गरज नाही. धुक्यात आणि मुसळधार पावसात तर हाय बीम तुमच्याच विरुद्ध जातो: थेंबांवरून प्रकाश उलटा तुमच्याकडे येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. रस्त्याच्या कडेला समोरच्यांकडे तोंड करून थांबलात तर हेडलाइट पूर्ण बंद करा आणि पार्किंग लाइट व हझार्ड लावा. उभ्या गाडीचा हेडलाइट बघून रस्ता कुठे आहे याचा समोरच्याचा अंदाज चुकतो.

गाडीत ऑटो हाय बीम असेल तरी बोट लीव्हरवर असू द्या. तो कॅमेऱ्याने समोरचे दिवे शोधतो. बिनदिव्याचा पादचारी, मिणमिणत्या दिव्याची सायकल, दुभाजकामागचा ट्रक त्याला उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही.

एक गोष्ट रिकाम्या जागेत स्वतः करून बघा, नियमांपेक्षा जास्त पटेल. दोन गाड्या समोरासमोर, लांब अंतरावर, दोन्हींचे हाय बीम चालू. मधे, थोडं कडेला, गडद कपडे घातलेला एक माणूस उभा करा आणि एका गाडीत बसा. दोन्हीकडून इतका उजेड असताना तो माणूस तुम्हाला दिसणार नाही. समोरच्या दिव्यांची चकाकी डोळ्यात पसरते आणि तो तिच्यात विरघळतो. आता समोरच्याला लो करायला सांगा. तो माणूस तिथेच असतो.

समोरचा काही केल्या डिपर देत नसेल तर एकदा, अगदी छोटा फ्लॅश द्या, बस. रागाने हाय बीम लावून ठेवलात तर आता रस्त्यावर दोन आंधळे ड्रायव्हर एकमेकांकडे येतायत. नजर त्याच्या दिव्यांवरून काढून आपल्या कडेच्या पट्टीवर किंवा रस्त्याच्या काठावर ठेवा आणि वेग उतरवा. गाडी निघून गेल्यावर लगेच वेग वाढवू नका: डोळा सावरायला काही सेकंद घेतो, वयस्कर माणसाचा त्याहून जास्त, आणि ८० च्या वेगात पाच सेकंद म्हणजे ११० मीटर. चकाकी कमी करायची म्हणून रात्री पिवळे चष्मे घालू नका, ते आधीच कमी असलेला प्रकाश आणखी गाळतात. त्यापेक्षा विंडशील्ड आतून पुसा. प्लास्टिकच्या वाफांनी आणि श्वासाने तिच्यावर आतून तेलकट थर बसतो, दिवसा तो दिसत नाही, पण रात्री समोरचा प्रत्येक दिवा त्याच्यावर फाकतो. डॅशबोर्डची ब्राइटनेस उतरवा, आतला दिवा बंद ठेवा, आणि मागून कोणी हाय बीम लावून चिकटला असेल तर आतल्या आरशाखालची छोटी पट्टी ओढा, तेवढ्याने त्याचा झोत फिका पडतो.